मेणबत्त्यांच्या मिरवणुकीपलीकडचा वर्षावास

थायलंडमधल्या उबोन राचाथानी शहरात वर्षावासाच्या, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या पावसाळ्यातल्या एका जागच्या मुक्कामाच्या, सुरुवातीला निघणाऱ्या मेणबत्ती मिरवणुकीबद्दल या चर्चेत असे म्हटले गेले आहे, की विजेचे दिवे आल्यापासून हा सण पर्यटकांपुरताच उरला आहे. मी याच्याशी अर्धाच सहमत आहे. साच्यात दाबून काढलेल्या मेणाच्या पातळ नक्षीदार चकत्या एकेक करून चिकटवत सजवलेल्या त्या प्रचंड मेणबत्त्या आता कोणा भिक्खूच्या वाचनासाठी नाहीत, हे खरेच. पण थायलंडमध्ये 'खाओ फान्सा'च्या, म्हणजे वर्षावास सुरू होण्याच्या वेळी लोक विहारात ट्यूबलाइट आणि बल्बही दान करतात, आणि पावसाळ्यातल्या स्नानासाठीचे वस्त्र तर विनयातल्या, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांतल्या, जुन्या प्रथेनुसार आजही दिले जाते.

चर्चेत अजून न आलेला मुद्दा असा, की भिक्खूचे आयुष्यच वर्षावासांत मोजले जाते. आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तो तीन महिने एकाच विहारात राहण्याचा संकल्प करतो. आईवडिलांच्या आजारपणासारख्या कारणाने बाहेर राहावे लागलेच, तर सात दिवसांच्या आत परतावे लागते. संघातली ज्येष्ठता वयावर नव्हे, तर दीक्षेनंतरच्या वर्षावासांवर ठरते, त्यामुळे साठीत नव्याने दीक्षा घेतलेला गृहस्थ दहा वर्षावास झालेल्या तिशीतल्या भिक्खूला वंदन करतो. अनेक थाई तरुण एका वर्षावासापुरतेच चीवर धारण करतात, आणि सरकारी कर्मचाऱ्यांना त्यासाठी १२० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. शासनाने ही सोय करून ठेवावी, हे मला मिरवणुकीतल्या कोणत्याही मेणबत्तीपेक्षा मोठे वाटते.