मदत हवी आहे: प्राणीशास्त्रातून समुद्राच्या अभ्यासाकडे कसं वळू?

नमस्कार. मी हर्णैची. दापोलीत बी.एस्सी. प्राणीशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबा तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख. गेले दोन हंगाम आंजर्ल्याला कासवमित्रांच्या मागे फिरतेय: पहाटे वाळूत माग शोधायचे, अंडी मोजून हॅचरीत पुरायची, मग पन्नासेक दिवस पिल्लांची वाट बघायची. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या ‘प्रथमा’ कासवाला उपग्रह टॅग लावला तेव्हा मी अकरावीत होते. ती कुठे पोचली याच्या बातम्या शोधण्यात माझा अर्धा अभ्यास बुडाला.

आता हेच काम करायचंय, पण वाट कळत नाही. मत्स्यविद्येच्या एम.एफ.एस्सी.ला बी.एफ.एस्सी. लागते म्हणतात, म्हणजे रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाचं दार बंद? स्कूबा आल्याशिवाय कोणी उभं करत नाही असं एका सिनियरने सांगितलं; त्याची फी आमच्या आवाक्यातली नाही. आई म्हणते, “दर्या दारात हाय, त्यो शिकायला गावाबाहेर कशाला?” (तिला उत्तर देता आलेलं नाही.) एक वर्ष घरी राहून तयारी केली तर वाया जाईल का?

प्रतिसाद १
सहसा बी.एफ.एस्सी.च मागतात, खरं आहे. पण गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाचं एम.एस्सी. आहे, दोना पावल्याची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) ही तिथून जवळ. प्रवेशाच्या अटी यंदाच्या माहितीपत्रकातच बघ. स्कूबाचं मनावर घेऊ नकोस. मी स्वतः ओहोटीला खडकांवर चौकट टाकून कालवं मोजत एम.एस्सी. केली, पाणी गुडघ्याच्या वर गेलं नाही.

वर्ष वाया जाईल ते नुसती पुस्तकं वाचलीस तर. तुझ्या घरात तांडेल आहे, ते आम्हाला कुठून मिळणार! बंदरावर मुशी (छोटे शार्क), पाकट (शेपटीला विषारी काटा असलेले चपटे मासे) किती उतरतात ते रोज लिही: तारीख, तिथी, जाळं कुठलं, किती वाव (खोली मोजायचं कोळ्यांचं माप) पाण्यात, लांबी, नर की मादी. फोटो पट्टी ठेवून काढ. ज्या दिवशी काहीच आलं नाही तेही लिही, तिथेच सगळे आळस करतात. वर्षभराची अशी वही घेऊन मुलाखतीला गेलीस तर बोलायला विषय तुझा असेल.

धागाकर्ती
आभार ताई. बाबांना विचारलं. म्हणाले, “वाव मी सांगतो, पण पाकटाचा काटा आधी मोडू दे, मग पट्टी लाव.” काट्याचा रकाना वहीत ठेवू का?