किमान तीन लेव्हल्सच्या अटीबद्दल
'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका-खेळात मल्टिक्लास करताना, म्हणजे एकाच पात्राला दोन क्लास (फायटर म्हणजे योद्धा, विझार्ड म्हणजे जादूगार अशी भूमिका) देताना, 'दुसऱ्या क्लासमध्ये किमान तीन लेव्हल्स घ्यायलाच हव्यात' अशी अट सुचवली गेली आहे, पण मला ती पटत नाही. तिने मार बसतो तो नेमका चुकीच्या खेळाडूला. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत खरी गोम वेगळीच आहे: काही गोष्टी एकूण लेव्हलवर वाढतात, काही त्या-त्या क्लासच्या लेव्हलवर. फायटर 3 आणि विझार्ड 3 असं पात्र बघा. एकूण लेव्हल 6, पण पात्राचे मूळ गुण (ताकद, बुद्धी वगैरे) वाढवण्याची संधी एकदाही नाही, कारण ती क्लासच्या चौथ्या लेव्हलला मिळते. निव्वळ फायटरला तोवर दोनदा मिळालेली असते, शिवाय पाचव्या लेव्हलचा जादा हल्लाही (एकाच पाळीत दुसरा वार). अट पाळणारा हा बिचारा सगळीकडेच मागे! उलट दोनच लेव्हल्स वॉरलॉक घेणाऱ्या सॉर्सररचा (हे दोन्ही जादूचे क्लास) एल्ड्रिच ब्लास्ट, म्हणजे वॉरलॉकचा किरणांचा हल्ला, एकूण लेव्हल 5, 11 आणि 17 ला आपोआप वाढत जातो.

आमच्या टेबलवर आम्ही दोनच बदल केले. गुणवाढ एकूण लेव्हल 4, 8, 12, 16 आणि 19 ला द्यायची (फायटर आणि रोगच्या जादा संधी त्यांच्या क्लासच्या लेव्हललाच), आणि एल्ड्रिच ब्लास्टचे किरण फक्त वॉरलॉकच्या लेव्हलनुसार मोजायचे. बाकी कँट्रिप्सना (कितीही वेळा वापरता येणाऱ्या साध्या मंत्रांना) हात लावला नाही, त्यांचा कधी त्रासच झाला नव्हता. त्यानंतर कथेसाठी म्हणून मल्टिक्लास करणारे खेळाडू पहिल्यांदाच निर्धास्त झाले. जादा हल्ला मात्र क्लासच्या पाचव्या लेव्हललाच ठेवा; तो एकूण लेव्हलवर दिला तर निव्वळ फायटर कुणी का खेळेल?