माळावरच्या खोकडांना खायला घालणं थांबवायला पाहिजे

अथणीचा माळकरी
गावाच्या वरच्या अंगाला गायरानात खोकडांची, म्हणजे माळावरच्या लहान कोल्ह्यांची, जोडी आहे, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. संध्याकाळ झाली की पोरं मोटरसायकली घेऊन तिथं जातात, बिस्किटाचे पुडे फोडतात, चिकन सेंटरवरून आणलेली आतडी टाकतात आणि मोबाईल धरून बसतात. सगळ्यांनी तो व्हिडिओ बघितलाय, लंडनच्या कुठल्याशा परसात एक बाई तांबड्या कोल्ह्याला हातानं भरवते तो. हे थांबलं पाहिजे आणि आत्ताच थांबलं पाहिजे. शिमगा-पाडव्याच्या सुमाराला पिल्लं बिळात असतात.

व्हिडिओतलं जनावर वेगळं आहे. तांबडा कोल्हा अंगानं मोठा, बहुतेक वेळा पाच-सात किलोचा, शेपटीचं टोक पांढरं. युरोप, आशिया, उत्तर अमेरिका, सगळीकडं तो आहे. आपल्या देशात लडाख, काश्मीर, हिमाचलात आणि राजस्थान-कच्छच्या कोरड्या भागात. बेळगाव जिल्ह्यात तो नाही. आपलं खोकड दोन-तीन किलोचं, करडं, शेपटीचं टोक काळं, आणि ते भारतीय उपखंड सोडून जगात कुठंच नाही. तांबड्या कोल्ह्यानं माणसाच्या वस्तीत राहायचं तंत्र जमवलंय. इंग्लंडातल्या शहरांत तो १९३० च्या दशकापासून राहतोय, शेडखाली बीळ करतो, कचरापेटीवर जगतो. खोकडाला उघडा माळ लागतो. खुरटं गवत, वाळवी, टोळ, उंदीर, बोरं, आणि बीळ काढायला भुसभुशीत कोरडी जमीन. बिस्किटानं त्याचं काहीच भागत नाही.

निपाणीकर
एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे गा त्यात? उन्हाळ्यात माळ करपून जातो. मुक्या जनावराला घासभर घातला तर पाप लागत नाही. आमची आजी मुंग्यांना साखर घालायची, चिमण्यांना कण्या घालायची, त्यानं कुठली चिमणी बिघडली? आणि पोरं चौकातल्या कट्ट्यावरून उठून माळावर जायलेत, जनावर बघायलेत, हे मला चांगलंच वाटतं. ज्याला घास घातला त्याच्यावर माया बसते. उद्या कोण बीळ उकरायला आला तर हीच पोरं आडवी पडतील. तुम्ही त्यांनाच हाकलून लावलात तर त्या जोडीला राखणार कोण?

अथणीचा माळकरी
निपाणीकर, पोरांची माया खरी आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण ब्रिस्टलचं ऐका. इंग्लंडात सगळ्यात दाट कोल्हे त्या शहरात होते, लोक हौसेनं परसात खायला ठेवायचे. १९९४ च्या सुमारास त्यांच्यात लूत शिरली आणि दोन-तीन वर्षांत शंभरातले पंच्याण्णवच्या वर कोल्हे मेले. आयतं खाणं असलं की जनावरं एका जागी गोळा होतात, आणि एकाची लूत सगळ्यांना लागते. तांबडा कोल्हा त्यातून हळूहळू सावरला, कारण आजूबाजूला त्याची वस्ती भरपूर होती. आपल्याकडं एका माळावर एक जोडी आहे. ती गेली तर तिच्या जागी यायला दुसरी कुठून येणार? मधे सगळा ऊस आहे.

चिकोडीची आक्का
तुमचं खोकड, तुमचं लंडन, सगळं राहू दे बाजूला. माझ्या गावरान कोंबड्या जातात त्याचं कोण बोलणार? रात्री डालग्याखाली झाकून ठेवते, वर दगड ठेवते, तरी सकाळी पिसं. अंडी विकून मी घरातलं तेल-मीठ आणते. माया करणाऱ्यांनी आधी माझ्या दारात येऊन बघावं. मला विचाराल तर ती जोडी तिथून गेलेलीच बरी.

खानापूरचा मास्तर
आक्का, नुकसान तुमचं झालंय, त्यामुळं तुमचा राग रास्त आहे. पण चोर नेमका कोण ते आधी बघू या. डालगं उलटून कोंबडी नेणारं जनावर बहुतेक वेळा मुंगूस, बाऊल म्हणजे रानमांजर, मोकाट कुत्रं किंवा उसातला कोल्हा असतं. उसातला कोल्हा म्हणजे रात्री ओरडतो तो, व्हिडिओतला तांबडा नव्हे. तो खोकडाच्या तिप्पट-चौपट वजनाचा, आणि ऊस वाढला तसं त्याला लपायला रान मिळालंय. खोकड पिल्लू कोंबडी उचलणार नाही असं मी छातीठोक सांगत नाही, पण त्याचं पोट किड्यांवर आणि उंदरांवर चालतं. तुमच्या शेंगांच्या रानातले उंदीर तेच खातं.

डालग्यानं काम होणार नाही. खुराड्याला बारीक जाळी पाहिजे आणि ती जमिनीत हातभर पुरली पाहिजे, वरूनही बंद पाहिजे. तांबडा कोल्हा जिथं आहे तिथले कोंबडीवाले हेच करतात, कारण तो एकदा खुराड्यात शिरला की एका कोंबडीवर थांबत नाही, सापडतील तेवढ्या मारून टाकतो.

चिकोडीची आक्का
जाळी पुरा म्हणून सांगणं सोपं आहे मास्तर. मुरूम आहे इथं. खणणार कोण?

रायबागचा ऊसवाला
आमच्याकडं एक जुना उपाय आहे. कोंबडीच्या तुकड्यात औषध भरून बांधावर ठेवायचं. एका रात्रीत प्रश्न मिटतो.

गुरांचा डॉक्टर
ऊसवाले अण्णा, हे लिहिलंत ते परत वाचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं कोल्हा आणि खोकड दोन्हींना मारायला बंदी आहे, ही एक गोष्ट. दुसरी म्हणजे विष नेमकं कोण खाईल ते तुमच्या हातात नसतं. बांधावरचा तुकडा शेजाऱ्याचं राखणीचं कुत्रं खातं, घार खाते, कावळा खातो. असली जनावरं तोंडाला फेस येऊन माझ्यापुढं आणली जातात आणि बऱ्याच वेळा हातात काही उरत नाही.

ऑस्ट्रेलियात तांबड्या कोल्ह्यासाठी सरकारी विष घालतात, ते कुणीतरी सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. तिथं तो मूळचा नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी शिकारीच्या हौसेपायी बोटीतून नेऊन सोडला आणि त्यानं तिथली लहान पिशवीवाली जनावरं फस्त केली. ते वापरतात ते विष पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या काही झुडपांत मुळातच असतं, तिथल्या मूळच्या बऱ्याच जनावरांना ते पचतं, कोल्ह्याला पचत नाही. आपल्या बांधावर तसं काही नाही, आणि आपलं खोकड बाहेरून आलेलंही नाही.

हुक्केरीचा पोरगा
काका, एक विचारू? बिळातलं एखादं पिल्लू लहानपणीच घरी आणून वाढवलं तर? कुत्री पण मारणार नाहीत आणि विषही नाही. रशियात कोल्हे पाळलेत, शेपूट हलवतात, मांडीवर येतात.

खानापूरचा मास्तर
बाळा, तुझा हेतू चांगला आहे, पण नको. रशियात नोवोसिबिर्स्कला १९५९ साली बेल्याएव नावाच्या शास्त्रज्ञानं ते काम सुरू केलं. कोल्हे फर फार्मवरचे, केसाळ कातड्यासाठी पाळलेले, म्हणजे आधीच पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढलेले. प्रत्येक पिढीतले सगळ्यात कमी बुजणारे निवडून त्यांचीच पैदास केली, आणि ते दशकानुदशकं चाललं. माळावरून उचललेलं पिल्लू हातानं वाढवलं तरी त्याचं रक्त रानातलंच राहतं. मोठं झालं की चावणार, मग तुम्ही सोडून देणार, आणि त्याला स्वतःचं भक्ष्य धरता येणार नाही. शिवाय तो गुन्हाच आहे.

गुरांचा डॉक्टर
चावण्याचा विषय निघाला म्हणून. माळकरी बिस्किटावर बोलालेत, मला आतड्यांची जास्त काळजी आहे. आतडी टाकली की आधी कुत्री येतात. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर संशोधकांनी बघितलंय, कुत्री जवळ असली की खोकडं समोरचं खाणंसुद्धा सोडतात. म्हणजे तुम्ही खोकडाच्या नावानं टाकता आणि कुत्री पोसता. आणि कुत्र्यांबरोबर रेबीज येतो, डिस्टेंपर नावाचा कुत्र्यांचा जीवघेणा रोग येतो.

युरोपात रेबीज पसरवणारा मुख्य प्राणी तांबडा कोल्हाच होता. स्वित्झर्लंडनं १९७८ साली कोंबडीच्या मुंडक्यांत लस भरून रानात टाकायला सुरुवात केली. कोल्ह्यांनी ती खाल्ली, आणि पुढं पश्चिम युरोपातून कोल्ह्यांचा रेबीज जवळजवळ गेलाच. आपल्याकडं रोग कुत्र्यांमधून येतो, म्हणून लस कुत्र्यांना पाहिजे. गावातली कुत्री टोचून घेतली तर माणूस, गुरं आणि खोकड, तिघांचंही भलं होईल. आणि कुणाला काहीही चावलं, अगदी ओरखडा असला तरी, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शनला जा. हळद-चुना लावून घरी बसू नका.

निपाणीकर
डॉक्टरांचं आतड्यांबद्दल पटलं. ती बंद करायला पाहिजेत, पोरांना मी सांगतो. पण पाण्याचं काय? एक सिमेंटचं कुंडं ठेवलं, गुराख्यांच्या शेळ्या पण पितील, त्यात कुणाचं वाईट आहे? माळकरी सगळ्यालाच नको म्हणालेत, ते मला मान्य नाही. माणसानं हात लावायचाच नाही म्हटलं तर माळ तरी कुठं माणसाशिवाय राहिलाय? गुरं चरतात म्हणूनच गवत खुरटं राहतं, हे तुम्हीच सांगता.

अथणीचा माळकरी
गुरं चरू देत, ती हवीतच. कुंडं मात्र गावाजवळ ठेवा, बिळाजवळ नको. पाण्यालासुद्धा आधी कुत्रीच येतात. खोकडाला बरंचसं पाणी खाण्यातून मिळतं, कोरड्या माळावर ते आपल्या कितीतरी आधीपासून राहतंय.

आणि खरी भीती बिस्किटाची नाही, हेही लिहून टाकतो. सरकारी नकाशात असले माळ पडीक जमीन म्हणून दाखवतात. कुणीही येतो, ‘रिकामीच आहे’ म्हणतो आणि प्लॉट पाडतो, नाहीतर मुरूम उचलतो. बागलकोट जिल्ह्यात यडहळ्ळीला चिंकाऱ्यांसाठी अभयारण्य झालंय. तिथं उघड्या झुडपी माळाला किंमत मिळाली. आपल्या गायरानाला ग्रामसभेत एक ओळ तरी मिळावी, मुरूम काढायचा नाही म्हणून.

रायबागचा ऊसवाला
औषधाचं मी मागं घेतो, डॉक्टर. पण माळकरी, पोरांना नोकऱ्या नाहीत, वाटण्या होऊन एकेकाच्या वाट्याला गुंठे राहिलेत. गायरानावर घरकुल मागणाऱ्याला तुम्ही खोकड दाखवणार? ग्रामसभेत हे बोलून बघा, काय ऐकायला मिळतं ते.

अथणीचा माळकरी
बोलणार आहे. घरकुलाला गावठाणाला लागून जागा आहे, बीळ आहे ते वरच्या टोकाला आहे. दोन्ही बसतं. मुरूमवाल्याला मात्र नेमकं तेच वरचं टोक पाहिजे.

चिकोडीची आक्का
ग्रामसभा कधी व्हायची तेव्हा होईल. ती आतडी टाकणारी पोरं रविवारी माझ्याकडं पाठवा. जाळी मी आणून ठेवते. खुराडं पक्कं झालं की मग माझी त्या जोडीबद्दल तक्रार नाही.

हुक्केरीचा पोरगा
मी येतो आक्का. पहार आहे आमच्यात, घेऊन येतो. जाळी किती खाली पुरायची, हातभर म्हणजे कोपरापर्यंत ना मास्तर?

खानापूरचा मास्तर
कोपरापर्यंत. आणि खाली बाहेरच्या बाजूला थोडी वळवून टाका, उकरणारं जनावर तिथं अडतं.