मदत हवी आहे: ट्रायम्फ स्टॅग घेताना काय बघू?

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये राहतो. कित्येक वर्षं मनात असलेली ट्रायम्फ स्टॅग आता घ्यायची म्हणतोय. १९७० ते १९७७ मधली, चौघांना बसता येईल अशी उघड्या टपाची गाडी. इटलीच्या मिकेलोत्तींनी रेखलेला तो चार दिव्यांचा रुबाबदार चेहरा... आणि डोक्यावरची टी आकाराची पट्टी! कुणाला ती खटकते, मला तर तीच गाडीची ओळख वाटते.

अडचण अशी, की मूळचं ३ लिटरचं व्ही-८ इंजिन फार तापतं म्हणून अनेकांनी त्याजागी रोव्हर कंपनीचं इंजिन बसवून घेतलंय. मी पाहिलेल्या दोन गाड्यांपैकी देखणी आहे तिच्यातही तेच. पण मूळ इंजिनाच्या आवाजाचा मोह सुटत नाही. ज्यांनी स्टॅग चालवली आहे त्यांनी कृपया सांगा, मूळ इंजिनवाली घेताना नेमकं काय तपासू? आणि दारांखालचा गंज कसा ओळखायचा?