बादलच्या फायबर बॉडीला तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकलाय. काढू की राहू देऊ?

औशाचा_मास्तर:
नमस्कार मंडळी. दिवाळीत लातूरच्या एका आडत्याच्या गोदामातून सिपानीची बादल उचलली. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: सत्तरच्या दशकातली बेंगळुरूची तीनचाकी, पुढं एकच चाक, मागं १९८ सीसीचं एका सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, बॉडी सगळी फायबरची. आमच्या घरी तिला 'अंडं' म्हणतात.

गाडी बंद होती त्याचं काही नाही. आधीच्या मालकांनी जी दुरुस्ती करून ठेवलीय तिनं डोकं उठलंय. पुढच्या चाकाच्या वरची बाजू सुजल्यासारखी दिसायची म्हणून स्क्रू-ड्रायव्हरनं टोकरलं. रंगाचे चार थर, त्याखाली बोटभर जाड लांबी (पुट्टी), मग एम-सील, आणि तळाला चक्क तेलाच्या डब्याचा पत्रा, अकरा पॉप रिवेट मारून बसवलेला. कडेला 'शुद्ध शेंगदाणा' एवढं अजून वाचता येतं. काच तडकावी तशा प्रत्येक रिवेटपासून चिरा गेल्यात.

लाइटचीही तीच गत. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, हेडलाइट लावला की हॉर्न कण्हतो. इंजिन चालू होतं, पण ॲक्सिलरेटर सोडला तरी ओरडतच राहतं. गावातला गॅरेजवाला म्हणतो, "मास्तर, पत्रा राहू द्या, वरून अजून एक हात लांबी मारू." मन घेत नाही. काय करू?

वाळूजचा_फायबरवाला:
काढा. फायबर लवचिक, पत्रा ताठ. त्यात एका सिलिंडरचा दणका. रिवेटचं भोक मोठं होत जाणारच. मी कूलरच्या बॉड्या करतो, तिथंही ज्यानं स्क्रू आवळून जोड दिला त्याचा कूलर दुसऱ्या उन्हाळ्याला फाटलेला असतो.

रिवेट ड्रिलनं उडवा, उपटू नका. एम-सील कणभरही ठेवू नका, फायबर बसवायचं पॉलिस्टर रेझिन (पातळ राळ) त्यावर धरत नाही. भोकाच्या कडा आतल्या बाजूनं दोन इंच उतरत्या घासा, कडेला कागदाइतकी पातळ झाली पाहिजे. बाहेरून सनमायकाला मेण लावून चिकटपट्टीनं बसवा आणि आतून काचतंतूंची मॅट, चौरस मीटरला ४५० ग्रॅमवाली, रेझिनमध्ये भिजवून तीन-चार थर. पहिला तुकडा भोकाएवढा, पुढचा प्रत्येक त्याहून मोठा. ब्रशनं थोपटत हवा काढायची, ओढायचं नाही.

एक गोष्ट जपा. रेझिन घट्ट व्हायला त्यात कोबाल्ट आणि हार्डनर घालतात, ते दोन कधीही एकमेकांत थेट मिसळू नका, भडका उडतो. दुकानातून कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मागा. आपल्याकडच्या मे महिन्यात किलोला १० मिली हार्डनर पुष्कळ झालं. दुपारी कराल तर मग्यातच दगड होईल. पहाटे करा, एका वेळी पाव किलोच कालवा. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मास्क घाला, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल.

परभणीचा_वायरमन:
मास्तर, उगं घाबरू नका, लाइटचं दुपारच्यात होतंय. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंग असती. तुमच्याकडं फायबर, त्यातून करंट परत कसा जाणार? कुणीतरी अर्थची वायर फायबरमधल्या बोल्टला बांधली असंल. मग करंट दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो, म्हणून ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायला. इंग्लंडात रिलायंटच्या फायबरच्या तीनचाकीवाल्यांचंही हेच रडगाणं असतंय. पुढं सिपानीनं रिलायंटच्याच किटन गाडीवरून डॉल्फिन ही गाडी काढली, तिलाही हेच लागू. प्रत्येक दिव्याला वेगळी काळी वायर ओढा, सगळ्या एका जागी आणून खालच्या लोखंडाला, रंग खरवडून.

आणि आत घरच्या फिटिंगची एकतारी वायर निघाली तर सगळी फेका. हादऱ्यानं आतल्या आत तुटती, वरून धडधाकट दिसती.

औशाचा_मास्तर:
एकतारीच निघाली! पिवळी, बहुतेक कुणाच्या तरी देवघराची उरलेली. इंजिनचं कुणी सांगेल का?

जुनी_स्कूटर_नांदेड:
प्लग काढून बघा. पांढराफटक असेल तर कुठूनतरी हवा ओढतंय. मिश्रण पातळ होतं, इंजिन ओरडतं आणि तापून जाम होतं. असं असेल तर चालवूच नका. कार्बोरेटरखाली पॅकिंगच्या जागी सिलिकॉन भरलंय का? पेट्रोलनं ते फुगून निघतं. कागदी पॅकिंग कापून बसवा. तरीही ओरडलं तर क्रँकचं सील (क्रँकच्या दांड्याशी बाहेरची हवा अडवणारी रबरी कडी) गेलं. जुन्या सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी असे आकडे असतात, तेवढे घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा. गाडीचं नाव सांगत बसू नका, दुकानदार हसेल.

औशाचा_मास्तर:
तीन आठवड्यांनी लिहितोय. सिलिकॉनच होतं, गुलाबी, च्युइंगमसारखं. पॅकिंग बदलल्यावर इंजिन खाली येतं, पण गरम झाल्यावर पुन्हा चढतं, म्हणजे सील काढावंच लागणार. अर्थिंगनं हॉर्न असा वाजला की शेजारची शेळी सुटली. फायबरचा पहिला मगा फुकट गेला. साडेसातला सुरू केलं होतं, तोवर ऊन अंगणात आलेलं. दुसऱ्या दिवशी साडेपाचला बसलो, जमलं. कड थोडी वर राहिलीय, घासून घेईन.

डाव्या दाराच्या बिजागरीत खिळीऐवजी सायकलचा स्पोक निघालाय, वाकवून दोरा गुंडाळलेला. पण ते पुढच्या खेपेला विचारतो.