कोणती डीपी (विजेचं रोहित्र) आधी बदलायची, हे डेटानं ठरवावं का?

आर्वीकर:
दिवाळी उरकली की हरभरा-गव्हाच्या ओलितासाठी सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि डीप्या जळायला लागतात. मग नवी आधी कुणाला? ज्याचा फोन वरपर्यंत लागतो त्याला. त्यापेक्षा प्रत्येक रोहित्रावरचा भार, वय, मागचे बिघाड, तेलाची पातळी, लाइनला टेकलेली झाडं हे सगळं एकत्र करून कोणतं जळण्याची शक्यता जास्त ते काढा आणि पैसा त्या क्रमानं लावा. उन्हाळ्यातच ६३ केव्हीए क्षमतेच्या रोहित्राजागी १०० चं चढवलं तर हंगामात धावपळ कशाला?

संत्रावाला, वरूड:
यादी बेस आहे भाऊ, पण तिच्यात आमची डीपी येईन कुठून? जळली का आमी वर्गणी करतो, ट्रॅक्टरवर टाकून नेतो, वाइंडिंग भरून आणतो. तक्रार कोनी लिवतच नाही. कागदावर ते डीपी ठणठणीत! तुमचा कम्प्युटर म्हनन, इथं तर काईच झालं नाही.

आर्वीकर:
म्हणून तर रोहित्रालाच मीटर हवं. केंद्राच्या २०२१ च्या आरडीएसएस या वीज वितरण सुधारणा योजनेत फीडर (उपकेंद्रातून निघणारी लाइन) आणि रोहित्रांच्या मीटरची तरतूद आहेच. डीपी बंद पडली की नोंद आपोआप होईल, तक्रार येवो न येवो.

निवृत्त लाइनमन:
मीटर भार सांगेल. किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूज बसवायच्या खोबणीत, फ्यूजऐवजी जाड तार कोंबलीय, हे नाही सांगणार. आणि रोहित्र बऱ्याचदा त्यानंच जातं. लोक तार का घालतात? चोरून जोडलेल्या मोटारींनी फ्यूज रोज उडतो, आणि दहा गावं पाहणारा एकटा वायरमन किती वेळा येणार? ढिला जंपर (जोडतार), गळकं तेल त्याला तोंडपाठ असतं. ते आधी नोंदवून घ्या.

अकोल्याची ताई:
माझी अडचण वेगळी आहे. जळण्याची शक्यता काढाल हो, पण नुकसान कशात मोजणार? वीजपुरवठ्याचा नेहमीचा निर्देशांक, सैफी, म्हणजे सरासरी एका ग्राहकाची वीज किती वेळा गेली. त्यात पंधरा मोटारींची डीपी म्हणजे फक्त पंधरा ग्राहक. गावठाणातली दोनशे घरं तिला कायम मागं टाकणार. महसुलात मोजलं तर त्याहून वाईट. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल सरकार भरतं, मग वसुलीच्या हिशोबात शेतकरी कुठे बसतो? एप्रिल-मेमध्ये आठ दिवस पाणी चुकलं की संत्र्याच्या अंबिया बहाराची फळं गळतात. ते नुकसान कोणत्याच रकान्यात नाही.

एटापल्लीहून (गडचिरोली):
तुमचं तरी बरं. आमच्याकडे ११ केव्हीची लाइन मैलोन्‌मैल जंगलातून येते, शेवटाला चार टोले, म्हणजे वाड्या. ग्राहक मोजा, युनिट मोजा, आम्ही तळालाच. डेटा येण्याआधीही तळालाच होतो म्हणा.

यवतमाळचा पोरगा:
सगळे सोलर पंप घ्या, विषय संपला.

आर्वीकर:
संपत नाही, पण मुद्दा कामाचा आहे. ज्या डीपीवरचे निम्मे पंप दोन वर्षांत सोलरवर जाणार, तिथं १०० केव्हीए चढवणं वाया. हेही आकडेच सांगतील. ताई, क्रम लावताना कशाला किती महत्त्व द्यायचं, त्या वजनात पिकाचा हंगाम धरता येतो. एटापल्लीसारख्या भागाला मात्र वेगळा निधीच ठेवावा लागेल. एकाच यादीत त्यांना बसवण्यात अर्थ नाही.

संत्रावाला, वरूड:
मंग ते यादी ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा. वजनं बी लिवा.

आर्वीकर:
लावली की त्याच दिवशी फोन सुरू होतील.

संत्रावाला, वरूड:
ते तर आताबी होतेतच. निदान आमचा नंबर कोनासाठी मांगं गेला, ते तरी दिसन.