प्रति: ८० वरून ८०८०, लोकलहोस्टला मात्र नकार
लिनक्स सर्व्हरवर आयपीटेबल्सने (पॅकेट्स कुठे जातील ते ठरवणारं फायरवॉल साधन) ८० पोर्टवर आलेलं ८०८० कडे वळवलंय; बाहेरून साइट उघडते, पण सर्व्हरवरूनच लोकलहोस्टला, म्हणजे त्याच मशीनला, कर्ल (कमांडलाइनवरून वेबपान मागवणारं साधन) मारलं की 'कनेक्शन रिफ्यूज्ड', असं वर विचारलंय. तुमचा रीडायरेक्ट नियम बरोबर आहे, पण तो नॅट टेबलच्या (पॅकेटचा पत्ता-पोर्ट बदलणाऱ्या नियमांच्या) प्रीराउटिंग चेनमध्ये, म्हणजे नियमांच्या यादीत, आहे. तिथे फक्त बाहेरून आलेली पॅकेट्स पोचतात. सर्व्हरवरच तयार झालेलं पॅकेट आउटपुट चेनमधून निघतं. तोच नियम तिथेही टाका, पण लूपबॅक इंटरफेसपुरताच (मशीन स्वतःशीच बोलते तो आतला मार्ग). नाहीतर बाहेरच्या ८० पोर्टकडे निघालेलं सगळं, अगदी ॲप्ट अपडेटसुद्धा (सॉफ्टवेअरच्या याद्या ताज्या करणारी कमांड), तुमच्याच ८०८० वर येऊन आदळेल आणि मग भलतीकडेच शोधत बसाल.

वर कुणी दिलेला आयपी फॉरवर्डिंगचा (पॅकेट पुढे दुसऱ्या मशीनकडे पाठवण्याचा) सल्ला इथे गैरलागू, पॅकेट दुसऱ्या मशीनकडे जातच नाही. आणि हा खटाटोप केवळ ८० पोर्ट वापरायला लागणारा रूट (प्रशासकाचा अधिकार) टाळायला असेल, तर लिनक्स कर्नल ४.११ पासून 'आयपी अनप्रिव्हिलेज्ड पोर्ट स्टार्ट' (कोणत्या पोर्टपासून पुढे रूट लागत नाही ते ठरवणारी) ही सेटिंग ८० करता येते. मग आयपीटेबल्सची गरजच नाही.